जमेल ना?

१६ ऑक्टोबर २००३ च्या रात्री मी चकल्या बिघडवत होते. दिवाळी जेमतेम आठवड्यावर आली होती. भाजणी सांगलीहून आईने पाठवलेली, सोऱ्या इथल्याच एका मैत्रिणीकडून उसना आणलेला, आणि तेलात सोडली की चकली विरघळत होती. मोहन जास्त झालं होतं, हे दुसऱ्या दिवशी आईने फोनवर सांगितलं. त्या रात्री आमच्या बॉस्टनजवळच्या घरात चकलीकडे लक्ष द्यायला कोणालाच वेळ नव्हता. टीव्हीवर न्यूयॉर्कचं यँकी स्टेडियम होतं, सोफ्यावर नवरा, आणि टीव्हीपासून दोन हातांवर, लाकडी स्टुलावर, गुडघ्यावर स्कोअरकार्ड ठेवून शेजारचे आजोबा.

टपाल खात्यातून निवृत्त झालेले, एकटे राहणारे. तोंडावर मी त्यांना ‘मिस्टर’ लावून हाक मारायचे, घरात मात्र ते कायम आजोबाच. महत्त्वाचा सामना ते स्वतःच्या घरी बघत नसत. १९८६ साली त्यांच्या त्या सोफ्यावर बसून बॉस्टन हरलं होतं, तेव्हापासून तो सोफा अपशकुनी. सोफा टाकून द्यावा असं मात्र त्यांना कधी वाटलं नाही.

बेसबॉल मला त्यांनी शिकवला. शाळेत मी सॉफ्टबॉल खेळले होते, त्यामुळे पिचर (चेंडू टाकणारा), कॅचर (तो झेलणारा), बेस हे शब्द ओळखीचे होते. नवीन होतं ते मॅनेजर नावाचं प्रकरण. क्रिकेटमध्ये गोलंदाज बदलायचा निर्णय कर्णधाराचा, आणि तो मैदानात घाम गाळत उभा असतो. इथे निर्णय घेतो एक पोट सुटलेला, साठीकडे झुकलेला माणूस, जो स्वतः एक चेंडू टाकणार नसतो आणि तरी खेळाडूंसारखाच गणवेश घालून बसतो. दुसरी गोष्ट, क्रिकेटमध्ये झहीर खानला चार षटकांनंतर थांबवलं तर शेवटी परत आणता येतं. बेसबॉलमध्ये पिचरने चेंडू मॅनेजरच्या हातात दिला की त्या दिवसापुरता त्याचा खेळ संपला. परत येणं नाही. मॅनेजर पायऱ्या चढून मैदानात निघाला की चाळीस हजार माणसांचा श्वास अडकतो तो यामुळे.

बदली पिचर जिथे बसतात त्या जागेला म्हणतात बुलपेन, बैलांचा कोंडवाडा. मैदानाच्या कडेला, कुंपणापलीकडे. तिथे एक फोन असतो. मॅनेजर आपल्या बाकावरून फोन करतो, अमुक-अमुकला उठवा. उठवला की तो वीस-पंचवीस चेंडू टाकून खांदा गरम करतो. गरम करून मैदानात पाठवला नाही, तरी ते चेंडू त्याच्या खांद्यातून गेलेले असतातच. दोनदा उठवून दोनदा बसवलेला पिचर तिसऱ्यांदा काय कामाचा. आणि या सगळ्याचा दोर तो फोन. २०११ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेत, सेंट लुईसचे मॅनेजर टोनी ला रुसा यांनी टेक्सासच्या गोंगाटात फोनवर एकाला उठवायला सांगितलं, पलीकडे त्याचं नावच ऐकू गेलं नाही. पुन्हा फोन केला तर भलत्याचंच नाव ऐकू गेलं, आणि ज्याला त्या रात्री खेळवायचंच नव्हतं तो गडी मैदानात येऊन हजर. ला रुसांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. लग्नाच्या गर्दीत आचाऱ्याला ‘जिलबी आणा’ म्हणून ओरडावं आणि कढी यावी, तसं.

तर ती २००३ ची रात्र. बॉस्टन रेड सॉक्स विरुद्ध न्यूयॉर्क यँकीज, सातवा आणि शेवटचा सामना, जिंकेल तो वर्ल्ड सिरीजमध्ये. बॉस्टनने शेवटचं विजेतेपद १९१८ मध्ये मिळवलेलं. बॉस्टनकडून पिचर पेद्रो मार्टिनेझ. डोमिनिकन रिपब्लिकचा, अंगाने किरकोळ, बोटं मात्र लांबच लांब. त्याच्यासारखा पिचर आजोबांनी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि आजोबांनी बरेच पाहिले होते. न्यूयॉर्ककडून रॉजर क्लेमन्स, जो एकेकाळी बॉस्टनचाच. क्लेमन्सला चौथ्या इनिंगमध्येच (सामना नऊ इनिंगचा, प्रत्येकीत दोन्ही संघांचे तीन-तीन बाद) मार बसला, ४-० झालं, दोन गडी बेसवर, अजून एकही बाद नाही, आणि न्यूयॉर्कचे मॅनेजर जो टोरी यांनी त्याला तडक काढलं. त्याच्या जागी आणला माईक मुसिना. हा नेहमी सामना सुरू करणारा पिचर. मोठ्या लीगच्या कारकिर्दीत मधूनच बोलावलेला असा पहिल्यांदाच. त्याने तिथून एकही धाव दिली नाही. या निर्णयावर त्या रात्री कोणी चकार शब्द काढला नाही. बरोबर ठरलेल्या निर्णयाला वाचक नसतात.

सातवी इनिंग संपली तेव्हा बॉस्टन पुढे होतं. पेद्रोने मैदानाबाहेर येताना आकाशाकडे बोट केलं, बाकावर गळाभेटी झाल्या. आजोबांनी पेन्सिलने पाच-पाचचे जुडगे करून त्याचे चेंडू मोजले होते: चार उभ्या रेघा आणि एक आडवी, असे वीस जुडगे. बरोबर शंभर. त्यांनी शेवटच्या जुडग्याखाली एक ठळक रेघ ओढली आणि मला म्हणाले, “झालं याचं काम. आता चहा कर.” मधल्या वेळात बॉस्टनच्या डेव्हिड ऑर्टिझने होमरन (थेट कुंपणापार जाणारा फटका) मारून ५-२ केलं होतं. मी चहा टाकला.

चहा उकळायच्या आत पेद्रो परत मैदानात.

आजोबा काही बोलले नाहीत. रेघेच्या खाली त्यांनी नवीन जुडगा सुरू केला. पहिला फलंदाज बाद. पाच जण बाद झाले की सामना संपला. मग डेरेक जीटरने दोन बेसचा फटका मारला. मग बर्नी विल्यम्सने एक बेसचा, आणि ५-३. मॅनेजर ग्रेडी लिटल पायऱ्या चढून निघाले. कोंडवाड्यात डावखुरा ॲलन एम्ब्री गरम होऊन उभा होता, माईक टिमलिनही. पुढचा फलंदाज हिदेकी मात्सुई डावखुरा, म्हणजे डावखुऱ्यावर डावखुरा आणायची पाठ्यपुस्तकी वेळ. लिटल पिचरच्या टेकाडापर्यंत गेले. पेद्रोला विचारलं, आहे का अजून दम. पेद्रो म्हणाला, आहे. लिटलनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि परत फिरले.

चेंडू पेद्रोच्याच हातात.

आजोबांनी पेन्सिल स्टुलावर आडवी ठेवली आणि एकच वाक्य म्हणाले, “त्याने विचारलं!”

‘विचारलं’ या शब्दावर इतका जोर दिलेला मी त्याआधी फक्त आमच्या आत्याकडून ऐकला होता, मुलाला पसंती विचारायच्या बाबतीत.

मात्सुईने दोन बेसचा फटका मारला. होर्हे पोसादाचा फटका तर जेमतेम होता, मधल्या मैदानात तीन खेळाडूंच्या मध्ये अलगद पडला, पण बेसवरचे दोघे घरी आले, म्हणजे दोन धावा. ५-५. मग लिटल दुसऱ्यांदा बाहेर आले, आणि एकाच इनिंगमध्ये दुसऱ्यांदा आलं की पिचर काढावाच लागतो, तो नियमच आहे. १२३ चेंडू. एम्ब्री आणि टिमलिन आले आणि त्यांनी उरलेली इनिंग निस्तरली. म्हणजे जे करता आलं असतं ते सगळं त्यांनी करून दाखवलं, फक्त दहा मिनिटं उशिरा. मध्यरात्र उलटल्यावर, अकराव्या इनिंगमध्ये, ॲरन बूनने टिम वेकफील्डच्या पहिल्याच चेंडूवर होमरन मारली आणि सामना संपला. आजोबांनी स्कोअरकार्डाची घडी घातली, स्टूल उचलून स्वयंपाकघरात जागेवर ठेवलं, एक विरघळलेली चकली तोंडात टाकली, “छान झाली आहे” म्हणाले आणि गेले. ते खोटं बोललेले मी पाहिलेली ती एकमेव वेळ.

दुसऱ्या दिवशीपासून जे सुरू झालं ते मी आजवर ऐकते आहे. पेट्रोल पंपावर, दाताच्या दवाखान्यात, ऑफिसात कॉफीच्या यंत्रापाशी. तोंडात कापूस असलेला माणूससुद्धा ग्रेडी लिटलवर मत देत होता. दिवाळी संपता संपता, २७ ऑक्टोबरला, संघाने त्यांचा करार पुढे न वाढवल्याचं जाहीर केलं. मोसमात ९५ सामने जिंकलेला मॅनेजर. पेद्रोने दोष स्वतःकडे घेतला होता, पण ते कोणाला नकोच होतं. बॉस्टनला पेद्रो हवा होता; घालवायला लिटल पुरेसे होते.

मला या वादात लिटलची बाजू घेणारी माणसंही भेटली, आणि त्यांच्याकडे चांगला पुरावा असे. त्याच वर्षी ३१ मार्चला, मोसमाच्या पहिल्याच सामन्यात, टँपा बेविरुद्ध लिटलनी पेद्रोला सात इनिंगनंतर काढलं होतं. ४-१ अशी आघाडी. बुलपेनने नवव्या इनिंगमध्ये पाच धावा देऊन सामना घालवला. त्या वर्षी बॉस्टनने ठरवून एक प्रयोग केला होता: शेवटची इनिंग टाकणारा असा एक ठरलेला पिचर ठेवायचाच नाही, प्रसंग पाहून कोणालाही आणायचं. कागदावर ते शहाणपणाचं होतं. प्रत्यक्षात बुलपेनने उन्हाळाभर रडवलं आणि प्रयोग मोसमाच्या मध्यातच गुंडाळावा लागला. ऑक्टोबरात तीच माणसं सोन्यासारखी खेळत होती, पण सहा महिने पोळलेला माणूस दोन आठवड्यांत ताक फुंकायचं सोडतो का? लिटल ताक फुंकून प्यायले. आजोबांना हे मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, “तू म्हणतेस ते सगळं खरं आहे. पण मग ठरवायचं होतं ना, याला ठेवतो म्हणून. विचारायचं कशाला?”

त्यांचा सगळा राग त्या एका गोष्टीवर होता आणि त्याचं मूळ १९८६ मध्ये, त्या अपशकुनी सोफ्यावर होतं. २५ ऑक्टोबर १९८६, न्यूयॉर्कचं शे स्टेडियम, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, बॉस्टन जिंकलं तर विजेतं. तेव्हाचा चोवीस वर्षांचा क्लेमन्स सात इनिंग टाकून ३-२ ने पुढे. आठव्यात त्याला काढलं. बदली आलेल्याने बरोबरी होऊ दिली आणि दहाव्या इनिंगमध्ये ते प्रसिद्ध संकट कोसळलं: साधा सरपटी चेंडू बिल बकनरच्या पायांमधून गेला. जग बकनरला लक्षात ठेवतं. आजोबा ठेवत नाहीत. त्यांचा प्रश्न असतो, क्लेमन्स बाहेर का आला? मॅनेजर जॉन मॅकनमारा म्हणत राहिले, त्यानेच सांगितलं की आता जमणार नाही. क्लेमन्स म्हणत राहिला, मी असं काही म्हटलंच नाही. बाकावर दोन माणसं शेजारी शेजारी बसलेली, आणि त्यांच्यात काय बोलणं झालं यावर दोन कायमच्या साक्षी. आजोबांच्या मते जिथे विचारणं आलं तिथे असलाच घोळ होणार.

लिटलनंतर नऊ दिवसांनी, त्याच यँकी स्टेडियममध्ये, फ्लोरिडा मार्लिन्सचे बहात्तर वर्षांचे मॅनेजर जॅक मकीऑन यांनी तेवीस वर्षांच्या जॉश बेकेटला सामना सुरू करायला पाठवलं, तेही चारऐवजी तीनच दिवसांच्या विश्रांतीवर. आणि काढलंच नाही. पूर्ण नऊ इनिंग, १०७ चेंडू, २-०, मार्लिन्स विजेते. पिचरला काढायचं नाही हाच निर्णय, हेच मैदान, हाच प्रतिस्पर्धी. एकाला घरी पाठवलं, दुसऱ्याला लोक ‘म्हातारा काय कसलेला आहे’ म्हणाले.

आपल्याकडे याचं सगळ्यात चोख उदाहरण म्हणजे २००७ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाची शेवटची ओव्हर. जोहान्सबर्ग, पाकिस्तानला तेरा धावा हव्या, हरभजनची एक ओव्हर शिल्लक, आणि धोनीने चेंडू दिला जोगिंदर शर्माला. पहिला वाइड. मग एक निर्धाव, मग मिसबाहने थेट डोक्यावरून सिक्स. सगळ्यांनी मनातल्या मनात धोनीला शिव्या घालायला सुरुवात केलेली मला पक्की आठवते. आमच्या घरात तर मोठ्याने. मग मिसबाहने तो चेंडू मागे उचलला आणि श्रीशांतच्या हातात दिला. फटका आणखी पंधरा पावलं गेला असता तर धोनीच्या थंड डोक्याला आपण काय म्हणालो असतो?

लोक याच गोष्टीवरून इतके का भांडतात, याचं माझं एक घरगुती उत्तर आहे. ताशी पंच्याण्णव मैलांचा चेंडू मला टाकता येणार नाही, तो मारता तर त्याहून येणार नाही. पण सात पायऱ्या चढून जायचं आणि हात पुढे करून चेंडू मागायचा, हे मला येतं. आजोबांना येतं. दाताच्या डॉक्टरांना येतं. सगळ्या खेळात ही एवढीच एक जागा आहे जिथे उभं राहायला अंगात काही असावं लागत नाही, आणि म्हणून तिथे आपण सगळे उभे असतो. २०१८ मध्ये तर साक्षात देशाचे राष्ट्राध्यक्ष येऊन उभे राहिले. लॉस एंजेलिस डॉजर्सचे मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स यांनी वर्ल्ड सिरीजमध्ये बॉस्टनविरुद्ध चौथ्या सामन्यात रिच हिलला सातव्या इनिंगमध्ये काढलं. हिलने एकच हिट (फलंदाजाला बेसवर नेणारा फटका) दिलेली, ४-० ने पुढे, नंतर बुलपेनने ९-६ असा सामना घालवला. ट्रम्प यांनी सामना चालू असतानाच ट्विटरवर मॅनेजर लोकांच्या या खोडीवर बोट ठेवलं. बॉस्टनमध्ये एरवी त्यांच्याशी सहमत होणारे फार नाहीत, त्या रात्री तर बॉस्टनचाच फायदा झालेला, तरी आजोबा म्हणाले, “मुद्दा बरोबर आहे त्याचा.” (हेच रॉबर्ट्स २००४ मध्ये बॉस्टनकडून खेळताना नवव्या इनिंगमध्ये एक बेस चोरून गेले होते आणि त्यातून ८६ वर्षांचा दुष्काळ संपला होता. त्यामुळे बॉस्टनमध्ये त्यांना शिव्या घालायच्या झाल्या तरी आवाज खाली ठेवून घालतात.)

मी हे सगळं इतकं मनाला लावून का घेतलं, ते सांगायला हवं. मीही एकदा विचारलं होतं.

२००६ चा गणेशोत्सव. आमच्या इकडच्या एका मराठी मंडळात मी दोन अंकी नाटक बसवत होते. शाळेचं सभागृह भाड्याने घेतलेलं, संध्याकाळी सहा ते नऊ, नऊ वाजून एक मिनिट झालं की रखवालदार दिवे घालवायला येणार. नाटकाचा सगळा भार नायकावर. दुसऱ्या अंकात त्याचं सलग दहा मिनिटांचं भाषण होतं आणि नाटक त्या भाषणासाठीच निवडलं होतं. आठवडाभर त्याचा घसा बसलेला. ज्येष्ठमध, आल्याचा रस, कोमट पाणी, सगळं चालू होतं. पहिला अंक कसाबसा निघाला. मध्यंतरात मी मेकअपच्या खोलीत गेले. तो आरशासमोर मफलर गुंडाळून बसला होता, दोन्ही हातांत स्टीलचं भांडं. मी म्हटलं, “जमेल ना दुसरा अंक?”

तो म्हणाला, “जमेल हो ताई.”

‘जमेल’ हा शब्दच फुटला होता. ‘ज’ आला, ‘मेल’ वाऱ्याबरोबर गेला. मी ते ऐकलं. आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आले.

विंगेत प्रॉम्प्टर बसला होता, मांडीवर संहिता घेऊन. तीन महिने प्रत्येक तालमीला तोच एकटा वेळेवर यायचा. त्याला नायकाचंच काय, सगळ्यांचंच सगळं पाठ. नायकाचा दुसरा कोट खुंटीवर, त्याच्यापासून हातभर अंतरावर. मी त्याच्यासमोरून गेले. तो अर्धवट उठल्यासारखा झाला. मी म्हटलं, “चला, तिसरी घंटा द्या.”

भाषण सुरू झालं आणि दुसऱ्याच मिनिटाला मागच्या रांगेतून तो आवाज आला, जो ऐकायला सातासमुद्रापार यावं लागत नाही: “आवाऽऽज!” मग डावीकडून. मग लहान मुलांना गंमत वाटली, तीही ओरडू लागली. नायक अक्षरशः कुजबुजत होता, डोळ्यांत पाणी, आणि लोकांना वाटत होतं अभिनय आहे. नंतर जेवणाच्या रांगेत मसालेभाताच्या पातेल्याशी माझं ग्रेडी लिटल झालं. “मध्यंतरातच बदलायला हवं होतं.” “अहो, पण नायक कसा बदलणार अर्ध्यात?” “तिने विचारलं ना त्याला, तो हो म्हणाला, तिची काय चूक?” एक काकू तर म्हणाल्या, मुळात नाटक निवडतानाच चुकलं. आज इतकी वर्षं झाली, मंडळात नवीन आलेल्या माणसाला आधी सभासद शुल्क सांगतात आणि मग ही गोष्ट.

मी हे आजोबांना सांगितलं तेव्हा त्यांनी नायकाबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाले, “बुलपेनमध्ये कोण होतं?”

मी म्हटलं, “प्रॉम्प्टर. सगळं पाठ होतं त्याचं.”

“त्याला आधी सांगून ठेवलं होतंस, की तयार राहा?”

“नाही.”

“मग तो थंड होता,” ते म्हणाले. “थंड गड्याला आणूनही उपयोग नव्हता. तुझी चूक मध्यंतरातली नाहीच, तालमीतली आहे.”

मला आधी बरं वाटलं. घरी आल्यावर लक्षात आलं, बरं वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. प्रॉम्प्टर त्यानंतर मंडळाच्या नाटकात आला नाही. कधी वाणसामानाच्या दुकानात भेटतो, तूरडाळीच्या भावाविषयी बोलतो. एम्ब्री आणि टिमलिन त्या रात्री पेद्रोकडे बघत कुंपणाआड चेंडू टाकत उभे होते, गरम, तयार. ते काय म्हणाले, हे मी इतक्या वर्षांत कोणालाही विचारताना ऐकलं नाही.

आता २०२०. करोनाचं वर्ष, २७ ऑक्टोबर, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. टँपा बे रेज विरुद्ध डॉजर्स, टेक्सासमधल्या त्रयस्थ मैदानात. बॉस्टन कुठेच नव्हतं. उलट फेब्रुवारीतच आमचा मुकी बेट्स त्यांनी डॉजर्सना देऊन टाकला होता, म्हणजे जखमेवर मीठ. आजोबा ऐंशीच्या पुढे गेलेले, आम्ही त्यांच्या घरात जात नव्हतो आणि ते आमच्या. सामना आम्ही फोनवर बघायचो, म्हणजे दोघांचे टीव्ही आपापल्या घरात आणि फोन स्पीकरवर. एक भानगड होती. त्यांचं जुनं केबल, आमचं इंटरनेटवरून येणारं. त्यांचं चित्र माझ्यापेक्षा वीस-पंचवीस सेकंद पुढे. त्यामुळे मला आधी आजोबा ऐकू यायचे आणि मग सामना दिसायचा. ते “अरेरे” म्हणाले की मी उशी पोटाशी धरून बसायची, कोणावर काय कोसळणार ते बघत.

ब्लेक स्नेल त्या रात्री काय टाकत होता! नऊ वेळा स्ट्राइक-आउट, म्हणजे फलंदाज फटका न लागताच बाद. डॉजर्सचे पहिले तिघे, बेट्स, सीगर, टर्नर, प्रत्येकी दोनदा आले आणि सहाच्या सहा वेळा स्ट्राइक-आउट होऊन गेले. रेज १-० ने पुढे, सहावी इनिंग, एक बाद. ऑस्टिन बार्न्सने साधा एक बेसचा फटका मारला, स्नेलने दिलेली फक्त दुसरी हिट. चेंडू झालेले ७३. आता पुन्हा बेट्सची पाळी, तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा समोर आलेल्या फलंदाजाला पिचर वाचता येतो, हे आकड्यांनी सिद्ध झालेलं आहे, आणि रेज हा संघ आकड्यांवर चालणारा. पैसा कमी, म्हणून हिशोब पक्का. त्याच हिशोबावर ते वर्ल्ड सिरीजपर्यंत आले होते. पण बुलपेनमधून येणार होता निक अँडरसन, ज्याने त्याआधी लागोपाठ सहा खेपांना धावा दिल्या होत्या. हेही आकडेच.

माझ्या टीव्हीवर बार्न्स नुकता पहिल्या बेसवर पोचत होता. स्नेल कॅचरकडून चेंडू घेत होता. मॅनेजर केव्हिन कॅश अजून बाकावर होते. आणि फोनमधून आजोबा ओरडले,

“अरे, निदान विचार तरी त्याला!”

मी फोनकडे बघत राहिले. सतरा वर्षं या माणसाने मला एकच गोष्ट शिकवली होती.

मग माझ्याही पडद्यावर कॅश पायऱ्या चढून आले. चेंडू मागितला. विचारणं वगैरे काही नाही, घरून ठरवून आल्यासारखं. स्नेल वाकला, मान फिरवली, काहीतरी पुटपुटला. त्याचा तो चेहरा सगळ्या देशाने पाहिला. फोनमधून तोवर “डबल” ऐकू आलं होतं. मग बेट्सने दोन बेसचा फटका मारला. मग एक चेंडू कॅचरच्या हाताबाहेर गेला, बरोबरी झाली. सीगरच्या सरपटी फटक्यावर बेट्स घरी. आठव्यात बेट्सचीच होमरन, ३-१, डॉजर्स विजेते. पुढे पंधराएक दिवसांत केव्हिन कॅश यांना अमेरिकन लीगचा वर्षातला सर्वोत्तम मॅनेजर म्हणून निवडल्याचं जाहीर झालं, मतदान प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेऱ्यांच्या, आधीच झालेलं असतं.

दुसऱ्या दिवशी बुधवार, आमच्याकडे कचऱ्याची गाडी येण्याचा दिवस. मी डबा ओढत फाटकापाशी गेले तर आजोबा कुंपणाशी उभे. मास्क हनुवटीवर, हातात स्कोअरकार्ड. मला दाखवलं: चौदा जुडगे आणि तीन सुट्या रेघा. त्र्याहत्तर. पुढे कागद कोरा.

मी म्हटलं, “काल तुम्ही म्हणालात, विचारायला हवं होतं.”

“म्हणालो.”

“आणि लिटलने विचारलं तर...”

“तुला ते एकच वाटतं?” ते म्हणाले. त्यांनी मास्क वर ओढला, मग बोलायला अडचण नको म्हणून पुन्हा खाली घेतला. “एकच नाही ते. लिटलने विचारलं, कारण त्याला ठरवायचं नव्हतं. याने ठरवून टाकलं होतं, तर विचारायला काय बिघडत होतं?”

“ठरवून टाकल्यावर विचारायचं कशाला?”

कचऱ्याची गाडी कोपऱ्यावर आली होती. आजोबांनी कानामागची पेन्सिल काढली, स्कोअरकार्ड उलटं केलं आणि कुंपणाच्या खांबावर ठेवून कोऱ्या बाजूवर एक आकडा लिहिला. १९८६.

“थांब,” ते म्हणाले, “पहिल्यापासून सांगतो.”

मी डबा खाली ठेवला.